रुग्णाशी कसे बोलावे हे शिकविणारे संत कॅमिलस

दरवर्षी १४ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत कॅमिलस दे लेलिस यांचा सण साजरा करते. १८८६ साली पोप लिओ तेरावे यांनी त्यांना संत जॉन ऑफ गॉड यांच्यासमवेत रुग्णांचे व रुग्णालयांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. १९३० साली पोप पायस अकरावे यांनी परिचारिकांनाही याच दोन संतांच्या छायेत सोपविले. आपल्या अनेक कुटुंबांतील मुली, आणि आता मुलगेही, नर्सिंगचे शिक्षण घेत आहेत. इंजेक्शन कसे द्यावे, जखम कशी बांधावी, ताप कसा नोंदवावा हे त्यांना अभ्यासक्रमात शिकविले जाते. परंतु घाबरलेल्या, चिडलेल्या किंवा मरणाच्या दारी टेकलेल्या माणसाशी कसे बोलावे, हे शिकविता येते काय, असा प्रश्न आम्हांला अनेकदा विचारला जातो. हा उपजत गुण आहे, तो असतो किंवा नसतो, असे पुष्कळांना वाटते. संत कॅमिलस यांचे चरित्र या समजुतीला छेद देते, म्हणून त्याची उजळणी करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

कॅमिलस यांचा जन्म २५ मे १५५० रोजी इटलीतील अब्रुझ्झी प्रांतात, बुक्कियानिको या गावी झाला. वडील पेशाने सैनिक होते. आई कॅमिला उतारवयाकडे झुकली असताना हे मूल तिच्या पदरात पडले. मुलगा तेरा वर्षांच्या आसपास असतानाच आई देवाघरी गेली. अंगापिंडाने धिप्पाड, स्वभावाने तापट असा हा तरुण पुढे वडिलांच्याच वाटेने गेला. व्हेनिसच्या सैन्यात तो भाडोत्री शिपाई झाला आणि तेथेच त्याला जुगाराचे व्यसन जडले. त्याच काळात पायाला एक जखम झाली. ती जन्मभर बरी झाली नाही.

या जखमेवर उपचार घेण्यासाठी १५७१ साली तो रोममधील सान जाकोमो रुग्णालयात दाखल झाला. असाध्य रोगांचे रुग्ण तेथे ठेवले जात. उपचाराच्या मोबदल्यात तो तेथे नोकराची कामेही करू लागला. मात्र पत्त्यांचा नाद आणि भांडखोर वृत्ती यांमुळे काही महिन्यांतच त्याला तेथून काढून टाकण्यात आले. पुढे ज्यांना अवघे जग रुग्णसेवेचा गुरू म्हणून ओळखणार होते, ते रुग्णालयाच्या नोकरीस नालायक ठरले होते, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतो. त्यांच्या अंगी उपजत सौम्यपणा नव्हता, गोड बोलणेही नव्हते.

१५७४ साली नेपल्समध्ये जुगारात होते नव्हते ते सारे गेले. भीक मागण्याची पाळी आली. अखेर मानफ्रेदोनिया येथील कापुचिन मठाच्या बांधकामावर त्यांना मजुरी मिळाली. तेथून एके दिवशी त्यांना कामानिमित्त सान जोव्हान्नी रोतोंदो या गावी धाडण्यात आले. पुढे संत पाद्रे पियो यांच्यामुळे सर्वश्रुत झालेले तेच हे गाव. तेथील मठाधिपतींनी या तरुणाला जवळ बसवून चार शब्द ऐकविले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे २ फेब्रुवारी १५७५ रोजी, परतीच्या वाटेवर ते शब्द त्यांच्या अंतःकरणात असे रुतले की, ते वाटेतच गुडघ्यांवर पडून रडू लागले. योग्य वेळी, आपलेपणाने बोललेल्या शब्दांत किती सामर्थ्य असते, हे कॅमिलस यांनी प्रथम स्वतःच्या जीवनात अनुभवले होते.

कापुचिन संघात प्रवेश घेण्याची त्यांची इच्छा होती. परंतु पायाची जखम पुन्हा चिघळली आणि त्यांना मठ सोडावा लागला. ते पुन्हा सान जाकोमो रुग्णालयाच्या दारी आले. आता मात्र माणूस पालटला होता. त्यांची निष्ठा पाहून रुग्णालयाच्या सर्व कारभाराची सूत्रे त्यांच्या हाती देण्यात आली.

त्या काळातील रुग्णालये कशी होती, याची कल्पना आज आपल्याला करवत नाही. रुग्णांची देखभाल पगारी नोकरांकडे असे. पोटासाठी आलेल्या या माणसांना रुग्णांची घृणा वाटे. अन्न पुढे टाकले जाई आणि ज्याला हात उचलवत नसे तो उपाशी राही. ओरडणे, शिव्या देणे हे नित्याचे होते. अर्धमेल्या माणसाला मेला समजून पुरण्याचे प्रकारही घडत. याच कारणास्तव कॅमिलस यांनी पुढे आपल्या बंधूंना दंडक घालून दिला की, शेवटचा श्वास गेल्यासारखा वाटला तरी निदान पाव तास प्रार्थना सुरू ठेवावी आणि चेहरा घाईने झाकू नये.

नोकरांवर कितीही देखरेख ठेवली, तरी त्यांच्या वागण्यात फरक पडत नाही, हे कॅमिलस यांच्या ध्यानी आले. १५८२ साली त्यांच्या मनात एक विचार आला. पगारासाठी नव्हे, तर देवाच्या प्रेमाखातर रुग्णांची सेवा करतील अशा माणसांचा एक संघ उभारावा. रुग्णालयाच्या व्यवस्थापकांना यात संशय आला आणि त्यांनी या मंडळींचे एकत्र येणे बंद पाडले. कॅमिलस यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक संत फिलिप नेरी यांनाही त्यांनी सान जाकोमो सोडणे पसंत नव्हते. तरीही कॅमिलस मागे हटले नाहीत. बत्तिसाव्या वर्षी लहान मुलांच्या रांगेत बसून ते लॅटिन शिकले. २६ मे १५८४ रोजी, इंग्लंडमधून परागंदा झालेले बिशप थॉमस गोल्डवेल यांच्या हस्ते त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

याच सुमारास त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसाठी रुग्णसेवेचे नियम लिहून काढले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची परिचारिकांची शाळा लंडनमध्ये सुरू झाली ती १८६० साली. त्यापूर्वी पावणेतीनशे वर्षे लिहिलेले हे नियम आजही वाचनीय आहेत. रुग्णाशी कठोर शब्द वापरू नये, सौम्यतेने वागावे, प्रभू येशूने रुग्णांच्या रूपाने स्वतःचीच सेवा मागितली आहे याचे भान ठेवावे, असे ते सांगतात. एकुलते एक मूल आजारी पडल्यावर आई ज्या मायेने त्याची शुश्रूषा करते, ती माया लाभावी म्हणून प्रत्येक सेवकाने देवाकडे कृपा मागावी, अशीही शिकवण त्यात आहे. ती माया आपल्या अंगी आधीपासूनच आहे असे कॅमिलस यांनी गृहीत धरले नाही. ती मागायची असते आणि रोजच्या सरावाने अंगी बाणवायची असते, असे त्यांचे सांगणे होते.

शिकविण्याची त्यांची मुख्य रीत म्हणजे स्वतः करून दाखविणे. ते रुग्णाच्या खाटेपाशी गुडघे टेकत आणि त्याला आपला स्वामी, आपला धनी म्हणून संबोधत. काम करताना एखाद्या बंधूचे चित्त दुसरीकडे आहे असे दिसले, की हातांत अधिक हृदय घाल, असे ते त्याला सांगत. एकदा ते एका रुग्णाची सेवा करीत असताना कोणी बडा अधिकारी भेटीस आल्याचा निरोप आला. आपण या घडीला प्रभू येशूबरोबर आहोत, काम संपताच येऊ, असे त्यांनी कळविले, अशी आठवण सांगतात. समोरच्या रुग्णाकडून लक्ष ढळू न देणे, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता.

पोप सिक्स्टस पाचवे यांनी १५८६ साली या संघाला मान्यता दिली आणि काळ्या झग्यावर लाल क्रूस धारण करण्याची अनुमतीही दिली. १५९१ साली पोप ग्रेगरी चौदावे यांनी त्याला पूर्ण धर्मसंघाचा दर्जा दिला. ब्रह्मचर्य, निर्धनता व आज्ञापालन यांच्या जोडीला या संघाचे चौथे व्रत आहे. प्लेगसारख्या साथीतही, जिवाची पर्वा न करता रुग्णांची सेवा करणे, हे ते व्रत होय.

संघ वाढला तसा एक वाद उभा राहिला. धर्मगुरूंनी रुग्णाला केवळ आध्यात्मिक धीर द्यावा, अंग पुसणे, भरविणे, बिछाना बदलणे ही कामे इतरांवर सोपवावीत, असे काही सदस्यांचे मत होते. कॅमिलस यांना ही विभागणी मान्य नव्हती. १५९४ साली त्यांनी मिलानमधील मोठ्या रुग्णालयाची संपूर्ण सेवा स्वीकारली, तेव्हा हा वाद चांगलाच पेटला. ज्याचे अंग आपण पुसले नाही, ज्याला घास भरविला नाही, त्याच्या अंतःकरणाशी आपण कसे बोलणार, हा त्यांच्या भूमिकेचा अर्थ आम्हांला दिसतो. अखेर १६०० साली पोप क्लेमेंट आठवे यांनी या वादावर तोडगा काढला.

१५९८ च्या नाताळच्या तोंडावर टायबर नदीला महापूर आला, तेव्हा सांतो स्पिरितो रुग्णालयातील रुग्णांना कॅमिलस व त्यांच्या सोबत्यांनी उचलून वरच्या मजल्यावर नेले. १६०७ साली त्यांनी संघप्रमुखपद सोडले. पायाची जखम ठणकत असतानाही ते खाटेखाटेपाशी जात राहिले. १४ जुलै १६१४ रोजी रोममध्ये त्यांनी देह ठेवला. १७४६ साली पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी त्यांना संतपद बहाल केले.

नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना या चरित्रातून आम्ही एवढेच सांगू इच्छितो. रुग्णाला खाटेच्या क्रमांकाने नव्हे, त्याच्या नावाने हाक मारा. सुई टोचण्यापूर्वी काय करणार आहात ते त्याला सांगा. तो बोलत असताना दाराकडे पाहू नका. आज हे जमले नाही तर निराश होऊ नका, उद्या पुन्हा प्रयत्न करा. एका तापट जुगाऱ्याला जे शिकता आले, ते तुम्हांलाही शिकता येईल. आणि ज्या घरांतून ही मुले रात्रपाळीला जातात, त्या घरांनीही त्यांच्याशी याच मायेने बोलावे, ही आमची विनंती.

संत कॅमिलस आपल्या सर्व रुग्णांसाठी व त्यांची सेवा करणाऱ्यांसाठी विनंती करोत.