स्वरांचा पारखी

विद्यार्थी मित्रांनो, जलतरंग हे वाद्य तुम्ही कधी ऐकले आहे का? चिनी मातीच्या वाट्यांत कमीजास्त पाणी भरतात आणि बारीक काड्यांनी त्यांच्या कडांवर हलकेच टोले मारतात. मग पाण्याचे थेंब पडावेत तसा गोड आवाज निघतो. युरोपच्या संगीतातही असाच नाजूक आवाज देणारे एक वाद्य आहे. त्याचे नाव सेलेस्टा.

सेलेस्टा दिसायला लहान पियानोसारखे असते. वाजवणारा बाकावर बसतो आणि दोन्ही हातांच्या बोटांनी काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दाबतो. पण पियानोच्या आत तारा असतात आणि सेलेस्टाच्या आत पोलादाचे चपटे तुकडे असतात. पट्टी दाबली, की मऊ कापडाने मढवलेली एक लहानशी हातोडी पोलादावर पडते. प्रत्येक तुकड्याखाली लाकडाची पोकळ पेटी असते. त्या पेटीमुळे पोलादाचा कडक आवाज गोल आणि मुलायम होतो. पॅरिसच्या ऑगस्त म्युस्तेल या कारागिराने १८८६ साली या वाद्याचे पेटंट घेतले. त्याचे घराणे हार्मोनियम बनवणारे होते. फ्रेंच भाषेत ‘सेलेस्त’ म्हणजे स्वर्गीय. त्यावरून वाद्याला हे नाव मिळाले.

हे छोटे वाद्य जगाच्या कानांपर्यंत पोहोचवले ते एका रशियन संगीतकाराने. त्यांचे नाव प्योत्र इलिच चायकोव्हस्की. आज आपण त्यांची ओळख करून घेऊ या.

प्योत्रचा जन्म ७ मे १८४० रोजी रशियातील वोत्किन्स्क या गावी झाला. त्याचे वडील खाणकामाचे इंजिनिअर होते आणि तेथील लोखंडाच्या कारखान्याचे व्यवस्थापक होते. घरात सुबत्ता होती. आपोआप वाजणारे एक मोठे यांत्रिक वाद्यही घरात होते. त्यातून मोझार्ट या थोर संगीतकाराचे सूर निघत. लहानगा प्योत्र ते तासन्‌तास ऐकत राही. पाचव्या वर्षीच तो पियानो शिकू लागला. त्याची बोटे सतत काही ना काही वाजवत असत. असे सांगतात, की एकदा तो खिडकीच्या काचेवर ताल धरून बसला होता. तो इतका रंगून गेला, की काच फुटली आणि त्याचा हात कापला.

तो मनानेही काचेसारखाच होता. जरा कोणी रागावले, की त्याचे डोळे भरून येत. त्याला शिकवणाऱ्या फॅनी डुरबाख या बाईंनी तर त्याला काचेचे बाळ असेच नाव दिले होते. त्याला फार जपून वागवावे लागे.

पण आयुष्य कोणालाच नेहमी जपून वागवत नाही. प्योत्र दहा वर्षांचा असताना त्याला शिक्षणासाठी दूर सेंट पीटर्सबर्गला ठेवण्यात आले. आई त्याला पोहोचवून परत निघाली. तिची गाडी सुटताच तो आक्रोश करत मागे धावला आणि गाडीचे चाक धरू पाहू लागला. लोकांनी त्याला बाजूला ओढले. ही ताटातूट तो जन्मभर विसरला नाही. पुढे चारच वर्षांनी, १८५४ साली, कॉलऱ्याच्या साथीत आई गेली. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता.

त्याला घातले होते ते कायद्याच्या शाळेत. त्या काळी रशियात संगीत हा शौक होता, पोट भरण्याचा मार्ग नव्हता. १८५९ साली शिक्षण संपले आणि त्याला न्याय खात्यात कारकुनी मिळाली. नोकरी सरकारी, पगार ठरलेला. घरचे निश्चिंत झाले. पण फायलींत त्याचे मन रमेना. १८६२ साली सेंट पीटर्सबर्गला संगीताचे मोठे विद्यालय सुरू झाले. प्योत्रने तेथे नाव घातले आणि दुसऱ्याच वर्षी सरकारी नोकरी सोडली. आता त्याला शिकवण्या करून दिवस काढावे लागले. मित्रांनो, हातातली नोकरी सोडून आवडीच्या विद्येमागे जाणे किती कठीण असते, याचा तुम्ही विचार करा.

शिक्षण पुरे झाल्यावर १८६६ साली चायकोव्हस्की मॉस्कोला गेले आणि तेथील संगीत विद्यालयात शिकवू लागले. विद्यालयाचे प्रमुख होते निकोलाय रुबिनस्टाइन. ते नामांकित पियानोवादक होते. १८७४ सालच्या हिवाळ्यात चायकोव्हस्कींनी पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठी एक मोठी रचना केली आणि मोठ्या आशेने ती रुबिनस्टाइन यांना वाजवून दाखवली. रुबिनस्टाइन यांनी तिची एकही बाजू शिल्लक ठेवली नाही. रचना टाकाऊ आहे, वाजवण्याजोगी नाही, पुष्कळ भाग बदलावा लागेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. चायकोव्हस्कींना फार लागले. पण या वेळी काचेला तडा गेला नाही. एकही स्वर बदलणार नाही, असे त्यांनी ठरवले. १८७५ साली ती रचना अमेरिकेतील बोस्टन शहरात प्रथम वाजली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. पुढे स्वतः रुबिनस्टाइनही ती वाजवू लागले.

१८७७ पासून त्यांना एक विलक्षण आधार मिळाला. नादेझ्दा फॉन मेक या श्रीमंत विधवेला त्यांचे संगीत फार आवडे. त्या चायकोव्हस्कींना दरवर्षी ६००० रूबल पाठवू लागल्या. त्यांची अट एकच होती. दोघांनी एकमेकांना भेटायचे नाही. तेरा वर्षे दोघांमध्ये शेकडो पत्रे गेली-आली, पण भेट झाली नाही. या मदतीमुळे चायकोव्हस्कींना शिकवण्याची नोकरी सोडून केवळ संगीतरचना करता आली. १८९० साली ही मदत अचानक बंद झाली. तोपर्यंत त्यांचे नाव सर्वत्र झाले होते, त्यामुळे पैशांची फारशी अडचण पडली नाही. पण इतक्या वर्षांचे स्नेहाचे नाते तुटले, याचे त्यांना दुःख झाले.

आता आपण १८९१ सालाकडे येऊ. सेंट पीटर्सबर्गच्या शाही नाट्यगृहाने चायकोव्हस्कींकडून एका नृत्यनाट्याचे संगीत मागितले होते. त्याचे नाव ‘नटक्रॅकर’, म्हणजे अक्रोड फोडण्याचा अडकित्ता. गोष्ट मुलांची होती. नाताळच्या रात्री क्लारा नावाच्या मुलीला शिपायाच्या आकाराचा एक अडकित्ता भेट मिळतो. रात्री उंदरांचा राजा हल्ला करतो. क्लारा चपळाईने आपली सपाता त्याच्यावर फेकते आणि शिपायाला वाचवते. मग शिपायाचा राजपुत्र होतो आणि तो तिला मिठाईच्या राज्यात घेऊन जातो. त्या राज्यात मिठाईची परी असते. नृत्याची आखणी मारियुस पेतिपा यांनी केली होती. परीच्या नाचाचे संगीत कारंज्याच्या थेंबांसारखे हवे, असे त्यांनी सुचवले होते.

थेंबांचा आवाज आणायचा कोठून? काम मनासारखे होत नव्हते. त्यातच अमेरिकेचे बोलावणे आले. न्यूयॉर्कमध्ये एक मोठे संगीतगृह उघडणार होते. आज ते कार्नेगी हॉल या नावाने ओळखले जाते. चायकोव्हस्की रशियातून निघून फ्रान्समध्ये आले. जहाजावर चढण्यापूर्वी पॅरिसमध्ये एका वाचनालयात त्यांनी रशियन वर्तमानपत्र उघडले आणि ते जागच्या जागी थिजले. त्यांची लाडकी बहीण अलेक्झांड्रा हिच्या मृत्यूची बातमी त्यात छापली होती. आई गेल्यानंतर याच बहिणीच्या घरी त्यांना मायेची सावली मिळाली होती. तिच्या मुलांत ते मूल होऊन रमत असत. जड मनाने ते जहाजावर चढले. ५ मे १८९१ रोजी संगीतगृहाचे उद्घाटन झाले. चायकोव्हस्कींनी दिलेला शब्द पाळला आणि वाद्यवृंदाचे संचालन केले.

याच प्रवासात पॅरिसमध्ये त्यांना म्युस्तेलचे सेलेस्टा सापडले. वाद्य निघून पाच वर्षे झाली होती. फ्रान्समधील शोसाँ या संगीतकाराने १८८८ साली एका नाटकासाठी ते वापरलेही होते. पण फार थोड्या लोकांना त्याची माहिती होती. चायकोव्हस्कींच्या कानांनी ते लगेच ओळखले. पेतिपांना हवे असलेले थेंब येथे होते. घरी परतल्यावर जून महिन्यात त्यांनी आपले प्रकाशक युर्गेन्सन यांना पत्र लिहिले. वाद्याची किंमत १२०० फ्रँक होती. ते मागवून घ्या, पण कोणालाही दाखवू नका, अशी त्यांची विनंती होती. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह हे दोन रशियन संगीतकार आपल्या आधी ते वापरतील, अशी त्यांना धास्ती वाटत होती. गंमत पाहा, एवढे नावाजलेले पन्नाशीचे गृहस्थ, पण नवे खेळणे लपवणाऱ्या मुलासारखे वागत होते.

रशियात सेलेस्टा प्रथम वाजले, ते मात्र परीच्या नाचासाठी नव्हे. नोव्हेंबर १८९१ मध्ये मॉस्कोला चायकोव्हस्कींची ‘व्होयेवोदा’ नावाची रचना सादर झाली. तिच्यात सेलेस्टा होते. पण ही रचना त्यांना स्वतःलाच आवडली नाही. निराशेच्या भरात त्यांनी आपल्या हस्तलिखिताचे तुकडे केले. सुदैवाने त्यांचे शिष्य सिलोती यांनी वादकांसाठी उतरवलेली पाने जपून ठेवली. त्यांवरून पुढे ती रचना पुन्हा जुळवता आली.

एक रचना फाडली, म्हणून चायकोव्हस्कींनी काम थांबवले नाही. मार्च १८९२ मध्ये त्यांनी ‘नटक्रॅकर’मधील काही निवडक भाग सेंट पीटर्सबर्गच्या श्रोत्यांना ऐकवले. श्रोते खूश झाले. बहुतेक भाग त्यांनी पुन्हा वाजवायला लावले. मिठाईच्या परीचा नाच तुम्ही ऐकाल, तेव्हा नीट कान द्या. सुरुवातीला व्हायोलिनच्या तारा गजाने न वाजवता बोटांनी छेडलेल्या ऐकू येतात, जणू कोणी चवड्यांवर हळूच चालत येत आहे. मग सेलेस्टाचे स्वर टपटप पडू लागतात. मध्येच एक खर्जातले वाद्य खाली घसरत जाणारे उत्तर देते. त्या खोल आवाजामुळे सेलेस्टाचे थेंब आणखीच लखलखतात. नाजूक आवाज दाबून जाऊ नये, म्हणून बाकीची वाद्ये अगदी हळू ठेवली आहेत. चायकोव्हस्कींनी एवढेच केले. पण ज्याला आवाजाची पारख असते, त्यालाच एवढे सुचते.

डिसेंबर १८९२ मध्ये संपूर्ण नृत्यनाट्य रंगमंचावर आले. तेव्हा पुष्कळ टीकाकारांनी नाक मुरडले. त्याचे पुढचे वैभव पाहायला चायकोव्हस्की राहिले नाहीत. ६ नोव्हेंबर १८९३ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, सेंट पीटर्सबर्ग येथे कॉलऱ्याने त्यांचा अंत झाला. आईला नेणाऱ्या रोगानेच मुलालाही नेले. क्लिन गावातील त्यांच्या शेवटच्या घरात आज त्यांचे स्मारक आणि संग्रहालय आहे.

जे वाद्य त्यांनी लपवून आणले, ते नंतर सर्वांचे झाले. इंग्लंडच्या होल्स्ट यांनी ‘ग्रह’ या रचनेत दूरच्या आकाशाचा भास निर्माण करण्यासाठी ते वापरले. हंगेरीच्या बार्टोक यांनी १९३६ साली लिहिलेल्या एका रचनेच्या नावातच सेलेस्टा आहे. चित्रपटांनीही त्याला जवळ केले. वॉल्ट डिस्ने यांच्या १९४० सालच्या ‘फँटेसिया’ या चित्रपटात परीच्या नाचाचे हेच संगीत आहे. पडद्यावर चिमुकल्या पऱ्या फुलांवर आणि कोळ्याच्या जाळ्यावर दवबिंदू ठेवत जातात आणि सेलेस्टाचा एकेक स्वर एकेका थेंबासारखा चमकतो. २००१ साली आलेल्या हॅरी पॉटरच्या पहिल्या चित्रपटाची प्रसिद्ध धूनही सेलेस्टावरच सुरू होते. ती जॉन विल्यम्स यांनी रचली. जादू, चांदणे, बर्फ, स्वप्न असे काही दाखवायचे असले, की संगीतकारांना आजही सेलेस्टा आठवते.

मित्रांनो, चायकोव्हस्कींनी हे वाद्य बनवले नव्हते. ते सर्वांत आधी वापरण्याचा मानही त्यांचा नाही. त्यांनी फक्त त्याची योग्य जागा शोधली. आणि हे केव्हा केले? बहीण गेली होती, एक रचना त्यांनी स्वतःच्या हातांनी फाडली होती, तेव्हा. त्या दिवसांत त्यांनी मुलांसाठी मिठाईचे एक राज्य उभे केले. आज डिसेंबर महिना आला, की जगातील अनेक शहरांत ‘नटक्रॅकर’ सादर होतो. आईबापांचा हात धरून मुले नाट्यगृहात येतात. दिवे मंदावतात, परी पुढे येते आणि सगळे नाट्यगृह श्वास रोखून ते थेंब ऐकते.