चिखलात वर्षे मोजणारा माणूस

आमच्या आजोबांच्या पेटीत जमाखर्चाच्या जुन्या वह्या आहेत. दर दिवाळीच्या पाडव्याला नवी वही, असा त्यांचा नेम. त्या चाळताना मला स्वीडनचे भूवैज्ञानिक जेरार्ड दे गेर यांची हटकून आठवण होते.

ते स्टॉकहोमला १८५८ साली जन्मले. वडील १८७६ साली स्वीडनचे पहिले पंतप्रधान झाले. चिरंजीवांचे मन मात्र मातीत रमले. १८७८ च्या सुमारास चिकणमातीचे पातळ थर पाहून त्यांना झाडाच्या खोडातील वर्षकड्या आठवल्या.

त्याचे कारण असे. एके काळी सारा स्वीडन बर्फाखाली होता. उन्हाळ्यात बर्फ वितळे आणि पाण्याबरोबर आलेली रेती तळाशी बसे. हिवाळ्यात पाणी निवळले की तरंगणारी बारीक माती सावकाश खाली उतरे. एक फिकट थर व एक काळपट थर मिळून एक वर्ष. बर्फाची कड उत्तरेकडे हटली की नव्या वर्षाचा थर आणखी उत्तरेपर्यंत पसरे, अगदी छपरावरील कौलांसारखा. म्हणून ज्या जागी जो थर सर्वांत खाली, त्याच साली त्या जागेवरून बर्फ उठला, असे समजावे.

१९०५ च्या उन्हाळ्यात त्यांनी विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाठवून जागोजागचे थर मोजवून घेतले. जाड-पातळ थरांचा क्रम एका खाणीतून दुसऱ्या खाणीत जुळवला. स्टॉकहोमच्या परिसरात बर्फ दरसाल काही शे मीटर मागे गेला, असे त्यावरून दिसले. १९१० साली तेथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी गेल्या १२,००० वर्षांची कालगणना मांडली.

येथेच ते थांबते तर बरे होते, असे मला वाटते. १९२० साली पत्नी एब्बा यांच्यासह ते अमेरिकेला गेले आणि तेथील थर स्वीडनच्या थरांशी जुळवू लागले. ही जुळणी पुढे टिकली नाही, कारण थराची जाडी त्या त्या ठिकाणच्या हवापाण्यावर ठरते. स्वीडनच्या गणनेतही काही शे वर्षे सुटल्याचे मागाहून आढळले. ते १९४३ साली वारले. त्यांची मोजण्याची रीत मात्र आजही वापरात आहे.

आजोबांच्या वह्यांतही दोन साले गहाळ आहेत. त्यामुळे बाकीचा हिशेब खोटा ठरत नाही. मात्र ती दोन साले शेजारच्या वाड्यातील वहीवरून मी भरणार नाही.