शर्यत दोघांची

मुंबईहून पुण्याला निघालेली एस.टी. पनवेल, चौक, खालापूर मागे टाकून खोपोलीला पोचली, की समोर बोरघाट उभा राहतो आणि डोंगराच्या कुशीतून खाली उतरलेले जाडजूड नळ दिसू लागतात. वर लोणावळ्याच्या बाजूला वळवण, शिरवता या तलावांत साठवलेले पाणी या नळांतून खाली कोसळते आणि खोपोलीत त्याची वीज होते. १९१५ साली ही वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. शेजारच्या कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजघर १९२२ साली सुरू झाले. कर्जत-खालापूरच्या माणसाला टाटा हे नाव ठाऊक झाले ते असे, विजेमुळे.

पण याच मुलुखाला पाठीशी घेऊन उभ्या असलेल्या सह्याद्रीवरून १५ ऑक्टोबर १९३२ रोजी दुपारी टाटांचे आणखी एक साहस घोंघावत गेले. एक इंजिन असलेले छोटेसे पस मॉथ विमान टपालाच्या थैल्या घेऊन जुहूहून बेळ्ळारीकडे निघाले होते. ते चालवत होते नेव्हिल विन्टसेंट. त्याच दिवशी सकाळी कराचीहून अहमदाबादमार्गे तेच टपाल जुहूपर्यंत आणून पोचवणारे वैमानिक होते जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजे आपले जे. आर. डी. भारतातील नियमित हवाई टपालाची ती सुरुवात होती. पुढच्या काळात त्याचे श्रेय एकट्या जे. आर. डीं.च्या नावावर जमा झाले. मात्र त्यांचे आयुष्य नीट पाहिले तर ध्यानात येते की, वेगाचे वेड असलेला हा माणूस एकट्याची शर्यत फारशी धावलाच नाही.

जे. आर. डीं.चा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी जमशेटजी टाटांच्या नात्यातले आणि धंद्यातले सहकारी, तर आई सुझान फ्रेंच. उत्तर फ्रान्समध्ये हार्देलो या समुद्रकाठच्या गावी टाटांचे घर होते आणि जवळच घर होते लुई ब्लेरिओ यांचे. इंग्लिश खाडी विमानाने पहिल्यांदा ओलांडणारे ते हेच ब्लेरिओ. किनाऱ्यावर उतरणारी विमाने पाहत हा मुलगा मोठा झाला. पंधराव्या वर्षी विमानात बसायला मिळाले आणि वैमानिक व्हायचे हे मनाशी पक्के झाले. ते प्रत्यक्षात यायला मात्र दहा वर्षे जावी लागली. मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डीं.ना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिल्या गेलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक होता पहिला.

जमिनीवरचा वेगही त्यांना तितकाच प्रिय होता. त्यांच्याकडे बुगाटी मोटार होती आणि मुंबईच्या रस्त्यांवर ती ते अशी पिटाळत, की एकदा प्रकरण कोर्टात गेले. बचावासाठी त्यांनी जॅक विकाजी हे वकील गाठले. खटल्याच्या निमित्ताने विकाजींच्या पुतणीची, थेल्माची ओळख झाली आणि १९३० साली दोघांचे लग्न झाले. बेफाम मोटार चालवल्याबद्दल इतके गोड फळ फार थोड्यांना मिळाले असेल!

वेगाचे हे वारे त्या वेळी सगळीकडेच वाहत होते. १९२८ पासून इंग्लंडमध्ये स्पीडवे नावाच्या मोटारसायकल शर्यतींनी लोकांना वेड लावले होते. लंबगोल मातकट धावपट्टी, ब्रेक नसलेली मोटारसायकल, चार स्वार आणि चार फेऱ्या. वळणावर मागचे चाक घसरू द्यायचे आणि त्या घसरण्यातच वेग राखायचा. या खेळाची एक जात आहे जोड्यांची. एका बाजूचे दोन स्वार, दुसऱ्या बाजूचे दोन. जुन्या पद्धतीत पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक आणि शेवटच्याला शून्य. म्हणजे आपला एक गडी सर्वांत पुढे आला आणि जोडीदार शेवटचा राहिला तर गुण तीन. समोरचे दोघे दुसरे-तिसरे आले तरी त्यांचेही गुण तीनच! एकट्याने जिंकून हाती काही लागत नाही. म्हणून चांगला स्वार पुढे निसटण्याआधी मागे नजर टाकतो, जोडीदारासाठी वाट मोकळी ठेवतो. १९७० साली या जोड्यांची अधिकृत जागतिक स्पर्धा सुरू झाली आणि न्यूझीलंडच्या रॉनी मूर व आयव्हन मॉगर यांनी ती जिंकली. आपल्याकडे बैलजोडी पळवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. एक बैल कितीही चलाख असला, तरी जू दोघांच्या खांद्यावर असते.

जे. आर. डीं.च्या आयुष्यातली सर्वांत गाजलेली शर्यत मात्र नियमाने एकट्याचीच होती. भारत ते इंग्लंड हे अंतर, कोणत्याही दिशेने, एकट्याने विमान चालवून महिन्याभरात पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. १९३० साली तिघे मैदानात उतरले. मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर आणि जे. आर. डी. त्यांपैकी अस्पी जेमतेम सतरा वर्षांचे. त्याच वर्षी मार्चमध्ये आर. एन. चावला यांच्या जोडीने ते कराचीहून लंडनपर्यंत विमानाने गेलेले. आता तेच अंतर त्यांना उलट दिशेने, इंग्लंडहून भारताकडे, एकट्याने कापायचे होते. मनमोहन सिंग यांनी अंतर पुरे केले, पण मुदत उलटून गेल्यामुळे बक्षीस हुकले. राहिले दोघे.

जे. आर. डी. मे महिन्याच्या आरंभी कराचीहून आपल्या जिप्सी मॉथमधून निघाले. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीर विमानतळावर ते उतरले, तेव्हा समोरून आलेले अस्पी तिथे अडकून पडलेले दिसले. विमानाचा स्पार्क प्लग बिघडला होता, जवळ जादा प्लग नव्हता आणि तो येण्याची वाट पाहत दिवस वाया चालला होता. स्पर्धक आपोआप बाजूला झाला होता. नुसता नमस्कार करून पुढे उडायचे, एवढेच जे. आर. डीं.ना करायचे होते. त्यात लबाडी नव्हती आणि कुणी नावही ठेवले नसते. पण त्यांनी आपल्याजवळचा जादा प्लग काढून त्या पोराच्या हातावर ठेवला. अस्पींनी परतफेड म्हणून समुद्रावर उपयोगी पडणारे आपले लाइफ जॅकेट त्यांना दिले. दोघे दोन दिशांना उडाले. अस्पी कराचीला पोचले ते जे. आर. डी. लंडनला पोचण्याच्या काही तास आधी. बक्षीस अस्पींचे झाले.

त्या विजयाने अस्पींना हवाई दलाची वाट मोकळी झाली. हाच मुलगा पुढे एअर मार्शल होऊन १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाई दलाचा प्रमुख होता. जे. आर. डीं.ना ५०० पौंड गेल्याचे दुःख नव्हते, या मुलाचे भले झाल्याचा आनंद होता. एका साध्या प्लगाने देशाला एक सेनानी मिळवून दिला, असे म्हटले तरी चालेल.

हवाई टपालाची योजनाही जोडीनेच उभी राहिली. कल्पना घेऊन आले विन्टसेंट, ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेले वैमानिक. कंपनीचे प्रमुख सर दोराबजी टाटा यांना हा खर्च पटत नव्हता. जॉन पीटरसन या जाणत्या सहकाऱ्याने त्यांचे मन वळवले आणि दोन लाख रुपये मंजूर झाले. सरकारने अनुदान नाकारले. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात बुडे, तेव्हा सारा बाडबिस्तरा पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलवावा लागे. घाटमाथ्यावर ढग उतरलेले, मार्गदर्शनाला रेडिओ नाही, अशा अवस्थेत टपाल वेळेवर पोचवायचे. तरीही १९३३-३४ च्या सरकारी अहवालात या सेवेच्या शंभर टक्के वक्तशीरपणाची नोंद झाली. पुढे १९४२ साली, युद्धाच्या धामधुमीत, विन्टसेंट विमानप्रवासातच मृत्युमुखी पडले. जोडीतला एक गडी गेला.

मागे राहिलेल्याने मात्र धाव सोडली नाही. १९३८ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, टाटा उद्योगाची धुरा खांद्यावर आली होती. खोपोली-भिवपुरीची वीजघरेही त्यातच आली. १९४५ साली टेल्को निघाली आणि पुढे तिचे ट्रक बोरघाट चढू-उतरू लागले. १९४८ साली एअर इंडिया इंटरनॅशनलचे विमान लंडनला झेपावले. १९५३ साली विमानसेवेचे राष्ट्रीयीकरण झाले. ते त्यांना पटले नव्हते, तरी १९७८ पर्यंत अध्यक्षपदाची जबाबदारी त्यांनी सांभाळली. त्या वर्षी सरकारने त्यांना दूर केले, तो घाव त्यांनी मुकाट्याने सोसला. १९८२ साली पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली, तेव्हा अठ्ठ्याहत्तरीच्या या गृहस्थाने कराचीहून जुहूपर्यंत पुन्हा एकदा छोटे विमान चालवत आणले. १९९२ साली भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले.

आपण मुलांना परीक्षेपासून नोकरीपर्यंत शर्यतीलाच जुंपतो. पहिला ये, मागे वळून पाहू नकोस, असे घरोघर सांगतो. अशा वेळी अबुकीरची ती गोष्ट रविवारी निवांतपणे मुलांना सांगावी. १९७४ साली भारतीय हवाई दलाने जे. आर. डीं.ना एअर व्हाइस मार्शल हा मानाचा हुद्दा दिला. ज्या दलाचे प्रमुखपद शर्यत जिंकणाऱ्याने भूषवले, त्याच दलाने शर्यत हरणाऱ्याचाही असा गौरव केला. दोघांचे गुण एकत्र मांडले, तर त्या शर्यतीत हरले कोण, हे मुलांनीच ठरवावे.