विम्याच्या कागदाला विश्वास देणारा अर्थमंत्री

१९ जानेवारी १९५६. तीनच दिवसांपूर्वी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी मुंबई शहर केंद्रशासित राहील, असे आकाशवाणीवरून जाहीर केले होते. त्या घोषणेने अवघा महाराष्ट्र पेटला होता. मुंबईत हरताळ, मोर्चे आणि गोळीबार यांचे सत्र सुरू होते आणि मराठी माणसाचे कान रेडिओकडे लागले होते. अशा वेळी त्याच आकाशवाणीवरून केंद्रीय अर्थमंत्र्यांचे भाषण झाले. अर्थमंत्री मराठी होते. पण भाषणाचा विषय मुंबईचा नव्हता. देशातील आयुर्विम्याचा संपूर्ण कारभार सरकारने वटहुकमाद्वारे आपल्या हाती घेतल्याची घोषणा त्यांनी केली. हे अर्थमंत्री म्हणजे चिंतामण द्वारकानाथ ऊर्फ सी. डी. देशमुख.

देशमुखांचे नाव आज बहुधा दोन कारणांसाठी घेतले जाते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी मंत्रिपद सोडणारा नेता म्हणून. परंतु सामान्य पगारदार कुटुंबाच्या कपाटात जपून ठेवलेल्या विम्याच्या कागदाशीही या नावाचा निकटचा संबंध आहे, याचे स्मरण फारसे ठेवले जात नाही.

रोह्याचा मुलगा

देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते या गावी झाला. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख रोह्यास वकिली करीत. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९१२ मध्ये चिंतामण मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिले आले. संस्कृतमधील प्रावीण्याबद्दलची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकावली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. तेथे वनस्पतिशास्त्रातील पारितोषिक मिळविले आणि १९१८ मध्ये लंडनला झालेल्या आयसीएसच्या परीक्षेत पुन्हा पहिला क्रमांक मिळविला.

परक्या सरकारची ही नोकरी पत्करावी की नाही, असा प्रश्न त्या काळी अनेक बुद्धिमान तरुणांपुढे असे. चिरोल खटल्याच्या निमित्ताने लोकमान्य टिळक तेव्हा लंडनमध्ये होते. देशमुख त्यांना भेटले आणि आपली शंका त्यांनी बोलून दाखविली. स्वराज्य आल्यावर राज्यकारभार जाणणारी माणसे लागतील, तेव्हा हा अनुभव घ्यावा, असा सल्ला टिळकांनी दिला. पुण्याच्या या नेत्याचा सल्ला मानून देशमुख सेवेत रुजू झाले. मध्यप्रांत व वऱ्हाडात जमीन महसुलाच्या कामापासून अर्थखात्याच्या सचिवपदापर्यंत अनेक जबाबदाऱ्या त्यांनी पार पाडल्या. शेतसारा, सावकारी कर्ज, नापिकी यांमुळे एखादे घर कसे उघड्यावर येते, हे त्यांनी तेथे जवळून पाहिले.

बँकांच्या पडझडीचा धडा

१९३९ मध्ये देशमुख रिझर्व्ह बँकेत आले. १९४१ मध्ये ते डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांच्याकडे गव्हर्नरपदाची सूत्रे आली. महायुद्ध, चलनवाढ, बंगालचा दुष्काळ, फाळणी आणि दोन देशांतील रोकड व देण्या-घेण्याची विभागणी असा सारा खडतर काळ त्यांच्या वाट्याला आला. १९४४ मध्ये ब्रेटन वूड्स येथील परिषदेत भारतीय शिष्टमंडळाचे सदस्य म्हणूनही ते उपस्थित होते.

या काळातील एक दुखणे मात्र परिषदांच्या वृत्तांतात दिसत नसे. युद्धाच्या तेजीत गावोगावी लहान बँका निघाल्या आणि त्यांतील अनेक बुडाल्या. बँक बुडाली की मोठा व्यापारी कसाबसा सावरतो. पण निवृत्त शिक्षकाची किंवा विधवेची आयुष्यभराची पुंजी जाते. बँकांवर देखरेख ठेवण्याचे पुरेसे अधिकार मध्यवर्ती बँकेला असावेत, यासाठी रिझर्व्ह बँक प्रयत्नशील होती. बँकिंग कंपन्यांचा सर्वंकष कायदा १९४९ मध्ये झाला. त्याच वर्षी १ जानेवारीला रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरणही झाले. तत्पूर्वी १९४८ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत काळे स्मृती व्याख्यान देताना देशमुखांनी भारतातील मध्यवर्ती बँकिंगच्या वाटचालीचा आढावा घेतला होता.

विमा आणि विश्वास

१९५० मध्ये देशमुख केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि १९५२ च्या निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. पहिल्या पंचवार्षिक योजनेसाठी पैसा उभा करण्याचे काम त्यांच्याकडे होते. अशा योजनेला सामान्यांच्या बचतीचा आधार लागतो आणि ती बचत सुरक्षित राहील अशी खात्री असल्याशिवाय लोक पैसा देत नाहीत. बचतीच्या या व्यवहारातील सर्वांत नाजूक भाग आयुर्विम्याचा होता.

भारतात विमा नवा नव्हता. एकोणिसाव्या शतकात इंग्रज कंपन्या भारतीयांचा विमा उतरविताना जादा हप्ता आकारीत. मुंबईत १८७० च्या सुमारास सुरू झालेल्या बॉम्बे म्युच्युअल संस्थेने हा भेद मोडला. १८७४ मध्ये ओरिएंटल कंपनी निघाली. स्वदेशीच्या वाऱ्याने आणखी कंपन्यांना जन्म दिला. साताऱ्यात १९१३ मध्ये वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी स्थापन झाली. शेती किंवा इस्टेट नसलेल्या, केवळ पगारावर चालणाऱ्या घरांना विम्याचे महत्त्व लवकर पटले. कर्ता पुरुष अकाली गेल्यास मुलांचे शिक्षण आणि मुलींची लग्ने कशी व्हावीत, या प्रश्नाचे उत्तर त्या कागदात होते. कायद्यानेही त्याला बळ दिले होते. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेसंबंधीच्या १८७४ च्या कायद्यात १९२३ मध्ये दुरुस्ती झाली. पत्नी आणि मुलांच्या नावे घेतलेल्या विम्याच्या रकमेला पतीच्या सावकारांनी हात लावू नये, हे संरक्षण त्यामुळे हिंदू कुटुंबांनाही मिळाले.

सावकारांपासून संरक्षण मिळाले. पण खुद्द कंपनीपासून काय? विम्याच्या व्यवहारात ग्राहक आज पैसे देतो आणि कंपनी वीस-तीस वर्षांनंतरचे वचन देते. मधल्या काळात जमणारा निधी कंपनीच्या मालकीचा नफा नसतो. ती पुढे द्यावयाच्या दाव्यांची ठेव असते. मात्र समोर दिसणारा हा मोठा पैसा चालकांना खुणावतो. काही उद्योगसमूहांनी विमा कंपन्या ताब्यात घेऊन तो पैसा स्वतःच्या धंद्यांत वळविला. काही कंपन्यांनी एजंटांच्या कमिशनवर आणि कार्यालयांवर वारेमाप खर्च केला. १९३८ चा विमा कायदा आणि त्यातील नंतरच्या दुरुस्त्या यांनाही हे प्रकार पुरते रोखता आले नाहीत. १९५६ पूर्वीच्या दहा वर्षांत २५ आयुर्विमा कंपन्या दिवाळ्यात निघाल्या. आणखी २५ कंपन्यांची स्थिती अशी झाली की, त्यांचा व्यवसाय विमेदारांचे नुकसान सोसून दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवावा लागला.

बँक बुडाल्यावर माणूस पुन्हा बचतीला लागू शकतो. विमा कंपनी बुडाली की तेही अवघड होते. तिशीत उतरविलेला विमा पंचेचाळिशीत बुडाला तर नव्या विम्याचा हप्ता कितीतरी वाढलेला असतो. तोवर मधुमेह किंवा क्षय जडला असेल, तर नवा विमा मिळण्याचीच शाश्वती नसते. भरलेले पैसे जातात आणि ज्या दिवसासाठी ते भरले, तो दिवस आला तर कुटुंबाच्या हाती काहीच उरत नाही.

डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधी यांनी लोकसभेत हा प्रश्न पुराव्यांसह मांडला. भारत इन्शुरन्स कंपनीच्या निधीतील दोन कोटींहून अधिक रकमेच्या अपहाराचे प्रकरण त्या वर्षी उघडकीस आले होते आणि उद्योगपती रामकृष्ण दालमिया यांना अटक झाली होती. पुढे त्यांना शिक्षाही झाली. केवळ नवे नियम करून भागणार नाही, या निष्कर्षाप्रत अर्थखाते आले.

राष्ट्रीयीकरण

राष्ट्रीयीकरणाची तयारी अत्यंत गुप्तपणे झाली. बातमी आधी फुटली असती, तर निधी हलविण्यास आणि हिशेबाची पुस्तके बदलण्यास वेळ मिळाला असता. म्हणून देशमुखांनी काम दोन टप्प्यांत केले. आधी वटहुकमाने व्यवस्थापन ताब्यात घेतले आणि नंतर संसदेत कायदा करून मालकी घेतली. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या अशा एकूण २४५ संस्था या निर्णयाच्या कक्षेत आल्या.

या निर्णयावर टीकाही झाली. उत्तम रीतीने चालणाऱ्या कंपन्यांना बुडव्यांच्या रांगेत बसविले, स्पर्धा संपली, सरकारी दिरंगाई वाढेल, असे आक्षेप घेतले गेले. ते सगळेच गैरलागू नव्हते. परंतु जून १९५६ मध्ये संमत झालेल्या आयुर्विमा महामंडळाच्या कायद्यात दोन गोष्टी विमेदाराच्या दृष्टीने मोलाच्या होत्या. मूल्यांकनानंतर उरणाऱ्या शिलकीपैकी किमान ९५ टक्के वाटा विमेदारांसाठी राखण्यात आला. आणि विम्याची रक्कम व जाहीर झालेला बोनस यांची हमी थेट केंद्र सरकारने घेतली. विमेदाराला दिलेले वचन पाळण्याची जबाबदारी त्यामुळे सरकारवर आली.

पाच कोटी रुपयांच्या भांडवलावर १ सप्टेंबर १९५६ रोजी महामंडळाचे काम सुरू झाले. साताऱ्याच्या कंपनीसह सर्व कंपन्यांचा आयुर्विमा व्यवसाय त्यात विलीन झाला. गीतेतील योगक्षेमाचे आश्वासन महामंडळाने आपले ब्रीद म्हणून घेतले. मात्र त्या दिवशी देशमुख अर्थमंत्री नव्हते.

राजीनामा

मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी जानेवारीतच राजीनामा देऊ केला होता. हातातील कामांसाठी ते थांबले. परंतु मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा निर्णय त्यांना मान्य झाला नाही. जुलै १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिमंडळ सोडले आणि लोकसभेत निवेदन केले. निर्णयाची पद्धत मंत्रिमंडळाच्या संकेतांना धरून नव्हती, असे त्यांनी सांगितले आणि मुंबईतील गोळीबाराच्या चौकशीच्या मागणीकडे दुर्लक्ष झाल्याबद्दलही नाराजी व्यक्त केली. दीर्घकाळ सनदी सेवेत काढलेल्या, मितभाषी माणसाने पंतप्रधानांना असे उघडपणे सुनावणे ही त्या काळी मोठीच घटना होती. महाराष्ट्राने या त्यागाबद्दल त्यांना मनोमन मानले.

महामंडळाची पहिली कसोटी लवकरच लागली. हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांच्या समभागांत महामंडळाचे सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतविण्यात आल्याचे प्रकरण १९५७ च्या अखेरीस लोकसभेत गाजले. या वेळीही आवाज उठविणारे फिरोज गांधीच होते. न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या आयोगाने १९५८ मध्ये उघड चौकशी केली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. मालक बदलला म्हणून निधी आपोआप सुरक्षित होत नाही. त्यावर पहाराही लागतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले. सार्वजनिक जीवनातील भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी कायमस्वरूपी न्यायाधिकरण असावे, अशी मागणी १९५९ मध्ये जाहीरपणे करणाऱ्यांत देशमुख होते.

ज्ञानाची साथ

मंत्रिपदानंतरची देशमुखांची वर्षे शिक्षणाच्या कार्यात गेली. १९५६ ते १९६१ या काळात ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते आणि १९६२ ते १९६७ पर्यंत दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ मध्ये त्यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविली. तीत ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले. १९७५ मध्ये पद्मविभूषण किताबाने त्यांचा गौरव झाला. संस्कृतचे प्रेम त्यांनी शेवटपर्यंत जपले. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी केलेला मराठी अनुवाद ते रिझर्व्ह बँकेत असतानाच प्रसिद्ध झाला होता.

त्यांच्या पहिल्या पत्नी रोझिना यांचे १९४९ मध्ये निधन झाले. २२ जानेवारी १९५३ रोजी त्यांचा विवाह योजना आयोगाच्या सदस्य दुर्गाबाई यांच्याशी झाला. दुर्गाबाईंनी आंध्र महिला सभा उभारली होती आणि केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. आधार तुटलेल्या स्त्रियांना शिक्षण देऊन पायांवर उभे करणे, हे त्यांचे कार्य होते. कर्त्याच्या मृत्यूनंतर घराचे काय होते, या एकाच प्रश्नाला पती अर्थखात्याच्या आणि पत्नी समाजकार्याच्या वाटेने भिडत होती, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. दुर्गाबाई १९८१ मध्ये गेल्या. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९८२ रोजी, चिंतामणरावांनी हैदराबाद येथे अखेरचा श्वास घेतला.

त्यांनी उभारलेली व्यवस्था पुढे पुष्कळ बदलली. २००० पासून खासगी कंपन्यांना विमा क्षेत्र पुन्हा खुले झाले आणि २०२२ मध्ये महामंडळाचे साडेतीन टक्के समभाग सरकारने विक्रीस काढले. तथापि, विमेदारांना दिलेली सरकारी हमी त्या विक्रीच्या वेळीही काढून घेण्यात आली नाही. पुण्यातील सदाशिव पेठ असो की हडपसर, महिन्याच्या पगारातून हप्ता बाजूला काढणारा माणूस आपल्यामागे घर तगेल, या भरवशावर तो भरतो. या भरवशाला कायद्याचा आधार देणाऱ्या अर्थमंत्र्याचे नाव त्याच्या पॉलिसीवर कोठेही छापलेले नसते.