विश्लेषण : ‘सुब्रतो कप’ ज्यांच्या नावाने खेळला जातो ते सुब्रतो मुखर्जी कोण होते? शालेय फुटबॉलमध्ये वयाचा नियम इतका कडक का?

पावसाळा सुरू झाला की वसई-विरारमधल्या शाळांच्या सूचनाफलकावर एक नाव हमखास लागते : सुब्रतो मुखर्जी चषक फुटबॉल स्पर्धा. क्रीडाशिक्षक जन्मदाखले आणि आधार कार्डे गोळा करू लागतात, पालक तारखा मोजू लागतात. शहर, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत गेलेला संघ थेट राष्ट्रीय स्पर्धेत उतरतो. पण ज्यांच्या नावाने हा चषक खेळला जातो ते मुखर्जी फुटबॉलपटू म्हणून प्रसिद्ध नव्हते. ते स्वतंत्र भारताच्या हवाईदलाचे पहिले भारतीय प्रमुख होते.

सुब्रतो मुखर्जी यांचा जन्म आणि घराणे कोणते?

सुब्रतो यांचा जन्म ५ मार्च १९११ रोजी कोलकात्यात झाला. चार भावंडांत ते धाकटे. वडील सतीशचंद्र मुखर्जी आयसीएस अधिकारी होते. आई चारुलता या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेल्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक. बहीण रेणुका रे पुढे खासदार झाल्या. घर शिकलेले आणि सुधारकी वळणाचे होते.

विमानाचे वेडही घरातच होते. नात्याने मामा लागणारे इंद्रलाल रॉय पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाईदलाकडून लढले आणि जुलै १९१८ मध्ये, अवघ्या १९ व्या वर्षी, हवाई लढाईत मारले गेले. त्या वेळी सुब्रतो सात वर्षांचे होते. त्यांनी पुढे तीच वाट धरली.

सहा मुलांच्या तुकडीतून हवाईदल कसे उभे राहिले?

तोवर भारतीय तरुणांना वैमानिक अधिकारी होण्याची वाट जवळपास बंद होती. इंग्लंडमधील क्रॅनवेलच्या प्रशिक्षण संस्थेत पहिल्यांदा सहा भारतीयांची निवड झाली, त्यांत सुब्रतो होते. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाईदलाची कायदेशीर स्थापना झाली आणि त्याच दिवशी पाच जण वैमानिक म्हणून रुजू झाले. सहाव्याचे, टंडन यांचे, पाय विमानाच्या पेडलपर्यंत नीट पोहोचत नसल्याने त्यांना वैमानिकाऐवजी जमिनीवरच्या कामाची जबाबदारी मिळाली. शरीराच्या मापावर माणसाची वाट ठरते, याचा अनुभव या तुकडीला पहिल्याच दिवशी आला.

१ एप्रिल १९३३ रोजी कराचीत पहिले स्क्वाड्रन उभे राहिले तेव्हा त्याच्याकडे वॅपिटी जातीची फक्त चार विमाने होती. तिथून सुब्रतो एकेक पायरी चढले. १९३९ मध्ये, २८ व्या वर्षी, ते याच स्क्वाड्रनचे प्रमुख झाले. १९४३ मध्ये त्यांच्याकडे कोहाट हवाईतळाची सूत्रे आली. या दोन्ही जागांवर बसणारे ते पहिले भारतीय.

देश स्वतंत्र झाला तेव्हा ते सर्वांत ज्येष्ठ भारतीय अधिकाऱ्यांपैकी होते. तरीही पहिली सुमारे सात वर्षे हवाईदलाची धुरा एकामागून एक तीन ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे राहिली. सुब्रतो उपप्रमुख म्हणून काम शिकत आणि करत राहिले. अखेर १ एप्रिल १९५४ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, ते प्रमुख झाले. त्यांच्याच काळात मिस्टेअर, हंटर, कॅनबेरा, नॅट ही जेट विमाने आली आणि हवाईदलाचा चेहरा बदलला.

त्यांचे महाराष्ट्राशी नाते काय?

त्यांच्या पत्नी शारदा माहेरच्या पंडित. रणजित पंडित यांच्या त्या पुतणी, म्हणजे घराणे मराठी. दोघांचा विवाह १९३९ सालचा. पतीच्या निधनानंतर शारदाबाई राजकारणात उतरल्या आणि १९६२ व १९६७ मध्ये रत्नागिरीतून लोकसभेवर निवडून गेल्या. पुढे आंध्र प्रदेश आणि गुजरात या राज्यांच्या राज्यपाल झाल्या. सुब्रतो यांचे नाव बंगाली असले तरी कोकणाला ते घर परके नाही.

हवाईदल प्रमुखाने शालेय फुटबॉलचा विचार का केला?

सुब्रतो फुटबॉलचे निस्सीम चाहते होते. त्यांच्या कारकिर्दीचा काळ हा भारतीय फुटबॉलचाही सुवर्णकाळ. १९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला. मुंबईच्या मैदानांवर खेळलेल्या नेव्हिल डिसोझाने त्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले.

संघ जिंकत होता, पण पुढची पिढी कुठून येणार हा प्रश्न होता. मोठ्या क्लबांत खेळाडू यायचा तो घडलेला, विशीतला. त्याआधीची वर्षे गल्लीत आणि शाळेच्या मैदानात जायची आणि तिथे कुणाचे लक्ष नसायचे. देशभरातल्या शाळांची एकच स्पर्धा भरवावी ही कल्पना सुब्रतो यांची. १९६० मध्ये ती सुरू झाली.

मात्र तिची वाढ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ८ नोव्हेंबर १९६० रोजी टोकियोत एका उपाहारगृहात जेवताना घास श्वासनलिकेत अडकला आणि मदत पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. वय ४९. दिल्लीत लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले तेव्हा आकाशातून ४९ विमानांनी मानवंदना दिली, आयुष्याच्या प्रत्येक वर्षासाठी एक. भारताचा फुटबॉल संघ ऑलिम्पिकमध्ये शेवटचा खेळला तो याच वर्षी, रोममध्ये.

स्पर्धा आज कशी चालते?

सुब्रतो मुखर्जी क्रीडा शिक्षण संस्था हवाईदलाच्या पाठबळावर ही स्पर्धा भरवते. सध्या १५ वर्षांखालील मुले, १७ वर्षांखालील मुले आणि १७ वर्षांखालील मुली असे गट आहेत. लहान गट पूर्वी १४ वर्षांखालील होता. मुलींचा गट २०१२ पासून आला. अंतिम टप्प्यातले सामने अनेक वर्षे दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर झाले आहेत.

‘१७ वर्षांखालील’ म्हणजे नेमके काय?

सामन्याच्या दिवशी मुलाचे वय किती, हे इथे पाहिले जात नाही. जन्मवर्षाची एक रेषा आखली जाते आणि ती बहुधा १ जानेवारीची असते. २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला आणि नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरही सामने झाले. तिथे १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेलेच खेळू शकत होते. ३१ डिसेंबर १९९९ चा मुलगा एका दिवसाने बाहेर.

या रेषेचा एक छुपा परिणाम असतो. एकाच गटात जानेवारीचा आणि डिसेंबरचा मुलगा असतो. कागदावर दोघे सारखे, शरीराने जवळपास एका वर्षाचे अंतर. चौदाव्या-पंधराव्या वर्षी हे अंतर उंचीत, धावण्यात, धडकेत लगेच दिसते. प्रशिक्षक थोराड मुलाला निवडतो, त्याला जास्त सामने मिळतात, म्हणून तो आणखी सुधारतो. युरोपातील युवा संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुले प्रमाणाबाहेर जास्त असतात, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

मागे राहिलेला प्रत्येक मुलगा कमी गुणवत्तेचा असतो असे नाही. बायचुंग भुतियाचा जन्म १५ डिसेंबर १९७६ चा, म्हणजे आजच्या हिशेबाने गटातल्या सर्वांत लहानांपैकी. सिक्कीमच्या शाळेकडून १९९२ च्या सुब्रतो चषकात खेळून तो सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि पुढच्याच वर्षी ईस्ट बंगालमध्ये दाखल झाला.

वय चोरल्याने नुकसान कुणाचे?

जन्मतारीख पुढे सरकवलेला दाखला हे वयोगटाच्या स्पर्धांचे जुने दुखणे. त्यावर वैद्यकीय चाचण्या आल्या. जागतिक महासंघ १७ वर्षांखालील गटासाठी मनगटाचा एमआरआय काढतो. तिथली वाढीची पट्टी पूर्ण जुळलेली दिसली की खेळाडूचे वय जास्त आहे असे मानले जाते. भारतात युवा स्पर्धांसाठी हाताच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढण्याची टीडब्ल्यू-३ पद्धत वापरली जाते. ही चाचणीही जन्मतारीख सांगत नाही, हाडे किती पिकली आहेत तेवढेच सांगते. लवकर वयात येणारा प्रामाणिक मुलगाही क्वचित तिच्यात अडकू शकतो.

वय चोरणाऱ्या मुलाचा फायदा तात्पुरता असतो. लहानांत तो ताकदीवर जिंकतो, त्यामुळे चेंडूवरचा ताबा आणि जागेची समज शिकायची गरजच त्याला वाटत नाही. अठराव्या वर्षी सगळे अंगाने सारखे झाले की तो मागे पडतो. ज्याची जागा त्याने घेतली तो तोवर खेळ सोडून गेलेला असतो. म्हणजे एका खोट्या दाखल्यापायी दोन खेळाडू वाया जातात.

पालक आणि शाळांनी काय पाहावे?

संघ निवडताना उंचीच्या बरोबरीने जन्ममहिनाही पाहावा. राखीव खेळाडूंनाही सामन्याची मिनिटे द्यावीत. सहा ते बारा या वयात मोठ्या मैदानावर अकरा जणांचा खेळ लादू नये. छोट्या मैदानात कमी खेळाडू असले की प्रत्येकाच्या पायाला चेंडू जास्त वेळा लागतो. भारतीय महासंघाने २०१८ पासून या वयासाठी गोल्डन बेबी लीग सुरू केली ती याच विचाराने. वसई-विरारमध्ये फुटबॉलची आवड आहे आणि मुलेही भरपूर आहेत, त्यामुळे असे छोटे सामने भरवायला मोठ्या स्टेडियमची वाट पाहावी लागत नाही.

सुब्रतो मुखर्जी २१ व्या वर्षी वैमानिक झाले, २८ व्या वर्षी स्क्वाड्रनचे आणि ४३ व्या वर्षी हवाईदलाचे प्रमुख. मधली कोणतीही पायरी त्यांनी गाळली नाही. त्यांच्या नावाच्या स्पर्धेत मुलाचा दाखला देताना ही वर्षे पालकांच्या लक्षात राहिली, तर एखादा डिसेंबरचा मुलगा पुढच्या वर्षीही मैदानात दिसेल.