नागदेवाचार्यांचा शोक आणि आपली प्रतिकारशक्ती

घरातले माणूस गेल्यावर तुम्हाला वारंवार सर्दी-ताप येतो का? जखम भरायला वेळ लागतो का? यात मनाचा कमकुवतपणा नाही. शोकाचा परिणाम शरीरावरही होतो.

रिद्धपूरला आलेला शिष्य

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे प्रयाण केले. त्यांचे पट्टशिष्य नागदेवाचार्य म्हणजे भटोबास शोकात बुडाले. पुढे ते मोर्शी तालुक्यातील रिद्धपुरात श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. सोबत चुलतबहीण महदंबा आणि इतर शिष्य होते.

भटोबास स्वामींच्या लीळा मनात आठवत बसत. म्हाइंभटांनी त्या लिहून घ्यायचे ठरवले. त्यांनी गावोगावी जाऊन इतरांच्याही आठवणी पडताळून घेतल्या. त्यातून इ.स. १२७८ च्या सुमारास रिद्धपुरात ‘लीळाचरित्र’ तयार झाले. भटोबासांनी पंथ सांभाळला आणि सामान्य बायाबापड्यांना समजावे म्हणून ग्रंथरचना मराठीतच व्हावी असा आग्रह धरला.

शोकात शरीरात काय होते?

भटोबासांच्या प्रकृतीचे निदान आज करता येणार नाही. तुमच्या शरीरात काय घडते, ते मात्र सांगता येते.

- मेंदूच्या इशाऱ्यावरून मूत्रपिंडांवरील ग्रंथी कॉर्टिसोल सोडतात.
- प्लीहा आणि लसिका ग्रंथींपर्यंत गेलेल्या चेतातंतूंतून नॉरॲड्रेनलिन स्रवते.
- पांढऱ्या पेशींवर या दोन्ही रसायनांना ओळखणारे ग्राहक असतात.

ताण थोड्या वेळाचा असेल तर काही संरक्षक पेशी लगेच रक्तात उतरतात. ताण लांबला तर पेशींचा प्रतिसाद मंदावतो. काहींमध्ये पेशी कॉर्टिसोलला जुमानेनाशा होतात आणि शरीरातील दाह वाढतो.

१९७७ साली ऑस्ट्रेलियात जोडीदार गमावलेल्या २६ जणांची तपासणी झाली. सहा आठवड्यांनी त्यांच्या टी-पेशींची संख्या कमी नव्हती, पण त्यांचा प्रतिसाद मंद होता. म्हणून प्रत्येक शोकाकुल माणूस आजारी पडतोच, असे मात्र नाही.

तुम्ही काय करावे?

वेळेवर जेवा, झोपेची वेळ पाळा, थोडे चाला. मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नका. गेलेल्या माणसाविषयी घरात बोला, वाटल्यास लिहा. रिद्धपुरातही आठवणी चौघांत वाटल्या गेल्या. याने आजार बरा होईलच असे नाही, पण दुःख एकट्याने वाहावे लागत नाही.

ताप टिकून राहिला, वजन उतरले, झोप-जेवण सुटले तर डॉक्टरांना दाखवा. जगणे नकोसे वाटू लागले तर थांबू नका, त्याच दिवशी घरच्यांना सांगून डॉक्टर गाठा.