लॅम्बटन यांची साखळी आणि फायबरमधला प्रकाश

नागपूरच्या मिहानमधून बुटीबोरीमार्गे दक्षिणेकडे निघाले की तास-सव्वा तासात हिंगणघाट येते. कापसाच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात २० जानेवारी १८२३ रोजी विल्यम लॅम्बटन यांचे निधन झाले. हैदराबादहून नागपूरकडे निघालेला त्यांचा तांडा इथवरच पोहोचला होता. वय सत्तरीच्या आसपास होते आणि हातातले काम अर्धे राहिले होते. ते काम होते हिंदुस्थानची अचूक मोजणी आणि तिच्या आधारे पृथ्वीच्या आकाराचा शोध.

लॅम्बटन यांचा जन्म यॉर्कशरमधल्या साध्या शेतकरी कुटुंबातला. सैन्यात भरती होऊन ते उत्तर अमेरिकेत गेले. तिथे डोळ्यांना संरक्षण न घेता सूर्यग्रहण पाहिल्याने त्यांचा एक डोळा अधू झाला. डोळ्यातले भिंग सूर्यप्रकाश दृष्टिपटलावर एकवटते आणि तिथल्या पेशी भाजतात. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नसल्याने इजा होतानाच ती कळत नाही. पुढची सगळी सूक्ष्म निरीक्षणे त्यांनी बहुतांशी दुसऱ्या डोळ्याच्या भरवशावर केली.

टिपूविरुद्धच्या १७९९ च्या युद्धानंतर त्यांनी मोजणीची योजना मांडली. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ साडेसात मैलांची पायारेषा मोजायला सुरुवात झाली. तत्त्व सोपे होते. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात, आणि त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण रचता येतात. पण पहिलीच रेषा चुकली, तर ती चूक शेवटच्या त्रिकोणापर्यंत सोबत येते.

ही रेषा १०० फुटी पोलादी साखळीने मोजली. चीनच्या बादशहाला नजर करण्यासाठी नेलेली आणि तिथे नाकारली गेलेली ती साखळी फिरत फिरत लॅम्बटन यांच्याकडे आली होती. अडचण मद्रासच्या उन्हाची होती. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की अशी साखळी साडेतीन मिलिमीटरहून थोडी अधिक लांब होते. ती सुमारे ४०० वेळा मांडायची, म्हणजे चूक दीड मीटरच्या घरात जाणार. लॅम्बटन यांनी साखळी लाकडी पेट्यांत, सावलीत ठेवली, शेजारी थर्मामीटर लावले आणि तापमानानुसार मापे दुरुस्त केली. साखळीचे वाढणे त्यांना थांबवता येत नव्हते. ती किती वाढली, हे मात्र त्यांनी मोजले.

१८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटून त्यांचे अर्ध्या टनाचे कोनमापक भिंतीवर आदळले. त्याचे वर्तुळ वाकले. लॅम्बटन यांनी तंबूत बसून सुमारे सहा आठवडे खपून ते पुन्हा आकारात आणले. पुढे त्रिकोणांची साखळी कन्याकुमारीपासून बीदरपर्यंत पोहोचली.

लॅम्बटन यांच्यापुढची अडचण आज घड्याळे जुळवणाऱ्या शास्त्रज्ञांपुढेही आहे. दोन दूरच्या शहरांतली घड्याळे जुळवण्यासाठी लेसरचा प्रकाश ऑप्टिकल फायबरमधून पाठवतात. एक किलोमीटर जायला त्याला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, पण फायबर तापले की हा वेळ वाढतो. समजा, मिहान ते हिंगणघाट ६० किलोमीटरचे फायबर १० अंशांनी तापले, तर प्रकाश सुमारे २४ नॅनोसेकंद उशिरा पोहोचेल. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. मोबाइलवर वेळ पाहणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही, पण अतिसूक्ष्म घड्याळांसाठी तो प्रचंड आहे.

यावरचा उपाय लॅम्बटन यांना लगेच पटला असता. पलीकडच्या टोकाहून थोडा प्रकाश त्याच फायबरमधून परत आणतात. जाऊन-येऊन लागलेल्या वेळात किती बदल झाला ते मोजतात आणि त्याच्या निम्मी दुरुस्ती सतत करत राहतात. अशा १,४१५ किलोमीटरच्या फायबरने पॅरिस आणि जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग इथली घड्याळे ताडून पाहिली गेली आहेत.

त्याचा एक उपयोग तर थेट लॅम्बटन यांच्या कामाशी जोडलेला आहे. गुरुत्वाकर्षणामुळे उंचावरचे घड्याळ किंचित जलद चालते. म्हणून फायबरने जोडलेल्या दोन घड्याळांतल्या फरकावरून त्या ठिकाणांच्या उंचीतला फरक काढता येतो. पृथ्वीचा आकार मोजण्याचे हिंगणघाटला अर्धे राहिलेले काम आता घड्याळेही करू लागली आहेत.